डॉ. क्यूसाकू ओगिनो : ऋतुचक्राचे गणित मांडणारा वैद्य

जपानच्या वायव्य किनाऱ्यावरील निगाता शहरात एक रस्ता डॉ. क्यूसाकू ओगिनो यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या राहत्या घराच्या जागेवर त्यांच्या स्मरणार्थ एक छोटी बाग आहे. जपानबाहेर मात्र हे नाव माणसाचे राहिलेले नाही, ते एका पद्धतीचे नाव झाले आहे. मासिक पाळीच्या तारखा लिहून ठेवायच्या, त्यांवरून गर्भधारणेचे संभाव्य दिवस काढायचे आणि त्या दिवसांत संयम पाळून संततिनियमन करायचे, या मार्गाला वैद्यकीय ग्रंथांत ओगिनो-क्नाउस पद्धत म्हणतात. कॅथलिक धर्मपीठाने कृत्रिम साधने निषिद्ध ठरवली तेव्हा लक्षावधी दांपत्यांनी याच पद्धतीचा आधार घेतला. विसंगती अशी की, स्वतः ओगिनो मात्र संततिनियमनासाठी आपल्या गणितावर विसंबू नये, असे सांगत राहिले. त्यांनी ते मांडले होते ते मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी.

शेतकऱ्याचा मुलगा, दत्तक घराणे

ओगिनो यांचा जन्म 25 मार्च 1882 रोजी आइची प्रांतात, आजच्या तोयोहाशी शहराच्या परिसरातील एका खेड्यात झाला. महाराष्ट्रात संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्मही त्याच वर्षीच्या जानेवारीतला. दोघांची भेट होण्याचा योग कधी आला नाही, त्यांची प्रकृतीही भिन्न होती. कर्वे प्रचारक आणि झुंजार संपादक, तर ओगिनो अबोल शल्यविशारद. तरीही स्त्रीच्या शरीराविषयी मोकळेपणाने बोलणे असभ्य समजले जाई, त्या काळात दोघांनीही आपापल्या परीने याच विषयाला हात घातला.

ओगिनो मूळचे नाकामुरा. शेतकरी कुटुंबातील हा हुशार मुलगा तरुणपणी ओगिनो या पूर्वीच्या सामुराई घराण्यात दत्तक गेला. वंशाचे नाव पुढे चालावे म्हणून गुणी मुलगा दत्तक घेण्याची रीत जपानमध्ये रुळलेली होती. अपत्याविना घराण्याचे नाव थांबते, ही चिंता त्या समाजात किती खोलवर होती, हे ओगिनो यांच्या स्वतःच्या नावातच दिसते. पुढे त्यांनी तोक्यो येथील शाही विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. 1909 मध्ये पदवी मिळाल्यावर ते स्त्रीरोगशास्त्राकडे वळले आणि 1912 मध्ये निगाता येथील ताकेयामा रुग्णालयात स्त्रीरोग विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. पुढची सारी कारकीर्द त्यांनी याच खासगी रुग्णालयात घालवली.

निगाता हा भातशेतीचा आणि हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडणारा मुलूख. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या शेतकरी बायकांची दुखणी दोन टोकांची असत. काहींना दर दोन वर्षांनी बाळंतपण, त्यात अंगमेहनत आणि अपुरे अन्न. काहींना लग्नानंतर वर्षे उलटली तरी मूल नाही. तीन वर्षांत मूल झाले नाही तर सुनेने घर सोडावे, अशी म्हण जपानी समाजात रूढ होती. दोष कोणात आहे हे न तपासता सुनेला माहेरी पाठवले जाई. आपल्याकडील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. अशा स्त्रीला डॉक्टरने काय सांगावे? गर्भ कोणत्या दिवसांत राहतो, या साध्या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर त्या काळी जगातील कोणत्याही वैद्याकडे नव्हते.

चुकीच्या टोकापासून मोजणी

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाने या प्रश्नाचे उत्तर प्राण्यांत शोधले होते. कुत्रीला माजाच्या काळात रक्तस्राव होतो आणि त्याच सुमारास तिला गर्भ राहतो. त्यावरून स्त्रीची मासिक पाळी म्हणजेच तिचा माज, आणि पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे, असा तर्क केला गेला. कार्ल कापेलमान या जर्मन कॅथलिक डॉक्टरने 1883 मध्ये दिलेल्या सल्ल्यात पाळी सुरू झाल्यापासूनचे चौदा दिवस आणि पुढील पाळीआधीचे तीन-चार दिवस वर्ज्य सांगितले होते. मधले दिवस त्याने सुरक्षित मानले. प्रत्यक्षात गर्भ राहण्याचे ऐन दिवस याच सुरक्षित मानलेल्या काळात येऊ शकत. या हिशेबाने चालणाऱ्या किती दांपत्यांची फसगत झाली असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही जर्मन संशोधकांनी स्त्रीबीज पाळीच्या चक्राच्या मध्यावर सुटते, असे दाखवायला सुरुवात केली. तथापि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कोणी आठवा दिवस सांगे, कोणी चौदावा, कोणी त्यापुढचा. सर्वांची मोजणी एकाच ठिकाणाहून सुरू होत होती, ती म्हणजे होऊन गेलेल्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

ओगिनो यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्यापाशी शस्त्रक्रियागृह होते, रुग्ण होते आणि नोंदी ठेवण्याची चिकाटी होती. अन्य कारणांसाठी पोटाची शस्त्रक्रिया करावी लागे, तेव्हा ते बीजकोषाचे बारकाईने निरीक्षण करीत. बीज पक्व होत आहे की नुकतेच सुटले आहे, बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारा पीतपिंड ताजा आहे की ओसरत चालला आहे, गर्भाशयाचे अस्तर कोणत्या अवस्थेत आहे, हे सारे ते टिपून ठेवीत. रुग्णाची आधीची पाळी कधी आली होती हे विचारून घेत आणि शस्त्रक्रियेनंतरची पाळी कधी आली तेही नोंदवीत. या शेवटच्या नोंदीनेच कोडे उलगडले. शंभराहून अधिक स्त्रियांची अशी टिपणे जमल्यावर त्यांना दिसले की, मागील पाळीपासून मोजले तर दिवस विखुरलेले दिसतात, पण पुढील पाळीपासून उलटे मोजले तर ते एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. चक्र लहान असो वा मोठे, स्त्रीबीज पुढील पाळीच्या आधी 12 ते 16 दिवसांच्या दरम्यान सुटते.

यामागचे कारण आज शालेय पुस्तकातही सापडते. पाळीपासून बीज पक्व होईपर्यंतचा काळ प्रत्येक स्त्रीत आणि एकाच स्त्रीच्या निरनिराळ्या महिन्यांत कमी-अधिक होतो. बीज सुटल्यानंतर मात्र पीतपिंडाचे आयुष्य साधारण ठरलेले असते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत तो मावळतो आणि पाळी येते. चक्राचा पूर्वार्ध लवचिक, उत्तरार्ध बराचसा स्थिर. शंभर वर्षांपूर्वी संप्रेरकांची ओळख नीट झालेली नसताना, केवळ डोळ्यांनी पाहून आणि तारखा जुळवून ओगिनो या निष्कर्षाला पोहोचले. 1924 मध्ये त्यांचा प्रबंध जपानच्या स्त्रीरोगशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यांचा नियम साधा होता. बीज सुटण्याचे पाच संभाव्य दिवस घ्यायचे आणि पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात तीन दिवस टिकते असे धरून त्यांत आधीचे तीन दिवस मिळवायचे. म्हणजे पुढील पाळीपूर्वीचा एकोणिसावा ते बारावा दिवस, असे आठ दिवस गर्भधारणेचे. अठ्ठावीस दिवसांचे नियमित चक्र असलेल्या स्त्रीसाठी हे दिवस दहावा ते सतरावा ठरतात. चक्र कधी 26 तर कधी 31 दिवसांचे होत असेल, तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे चक्र धरून आठवा ते विसावा दिवस असा तेरा दिवसांचा पट्टा निघतो. मूल हवे असलेल्या जोडप्याला हे दिवस सांगणे, एवढाच या गणिताचा त्यांच्या दृष्टीने उपयोग होता.

युरोपात ओळख आणि वाद

जपानीत लिहिलेला प्रबंध युरोपात कोणी वाचणार नव्हते. ओगिनो 1929 मध्ये जर्मनीला गेले. 1930 मध्ये त्यांचा लेख एका प्रतिष्ठित जर्मन स्त्रीरोगविषयक साप्ताहिकात छापून आला. तोवर ऑस्ट्रियातील ग्राझचे डॉ. हर्मान क्नाउस यांनी वेगळ्या वाटेने जवळपास तोच निष्कर्ष मांडला होता. सशांवरील प्रयोग आणि गर्भाशयाच्या आकुंचनाच्या नोंदी यांवरून त्यांनी बीज सुटण्याचा दिवस पुढील पाळीआधी चौदा-पंधरा दिवसांवर निश्चित केला. दोघांत श्रेयावरून आणि आकड्यावरून वाद झाला. क्नाउस एका ठराविक दिवसाचा आग्रह धरीत, ओगिनो पाच दिवसांचा पल्ला सांगत. शरीर घड्याळासारखे चालत नाही, हे रुग्ण तपासणाऱ्या ओगिनो यांना अनुभवाने ठाऊक होते. पुढे जगाने दोघांची नावे एका जोडचिन्हाने बांधून टाकली आणि वाद मागे पडला.

याच सुमारास या गणिताला दुसरे वळण लागले. जॉन स्मुल्डर्स या डच कॅथलिक डॉक्टरने ओगिनो आणि क्नाउस यांच्या निष्कर्षांवरून गर्भधारणा टाळण्याचा कार्यक्रम आखला. 1932 मध्ये शिकागोचे डॉ. लिओ लाट्झ यांनी त्यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतील कॅथलिक घरांत ते झपाट्याने पसरले. पोप अकरावे पायस यांनी 31 डिसेंबर 1930 रोजी काढलेल्या परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमनाला कडक मनाई केली होती. निसर्गतः गर्भ राहू शकत नाही अशा काळातील दांपत्यसंबंधांना मात्र त्यात वाव ठेवला होता. तो काळ कोणता, हे सांगणारे शास्त्र नेमके तेव्हाच हाती आले. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी इटलीतील सुईणींपुढील भाषणात, सबळ कारण असेल तर या काळाचा आधार घेण्यास उघड मान्यता दिली. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांनाही ही शिकवण परिचित आहे.

वैद्याचा आक्षेप

जपानमध्येही स्त्रियांच्या मासिकांनी ओगिनो यांचे कोष्टक घरोघरी पोहोचवले आणि तिथेही ते मुख्यतः मूल टाळण्यासाठी वापरले जाऊ लागले. आपले नाव जगभर पोहोचत असताना ओगिनो अस्वस्थ होते. त्यांचा आक्षेप धार्मिक नव्हता, तो वैद्याचा होता. संततिनियमनासाठी या पद्धतीपेक्षा खात्रीची साधने उपलब्ध असताना हिचा पुरस्कार केला, तर नको असलेली गर्भधारणा होणार आणि तिचा शेवट गर्भपातात होणार, असे ते बजावत.

त्यांच्या आक्षेपाचे मूळ त्यांच्याच शोधात होते. गणित पुढील पाळीपासून मागे मोजायचे असते. पण पुढील पाळी तर अजून यायची असते. मागील महिन्यांवरून तिचा अंदाज बांधावा लागतो. आजारपण, प्रवास, चिंता, बाळंतपणानंतरचे महिने, पाळी जाण्याआधीची वर्षे, यांत अंदाज चुकतो आणि त्याबरोबर सारा हिशेब सरकतो. ज्या जोडप्याला मूल हवे आहे, त्याचे एका महिन्याच्या चुकीने फारसे बिघडत नाही, ते पुढच्या महिन्याची वाट पाहते. ज्या स्त्रीला आणखी एक बाळंतपण झेपणार नाही, तिला मात्र एकच चूक पुरेशी होते. एकाच आकड्याकडून या दोन स्त्रियांची अपेक्षा सारखी नसते, हा भेद ओगिनो यांनी ओळखला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानने ही भीती किती खरी होती ते दाखवले. अन्नटंचाईच्या त्या काळात 1948 च्या कायद्याने काही अटींवर गर्भपाताला परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी आर्थिक कारणही त्यात समाविष्ट झाले. 1955 मध्ये जपानमध्ये नोंदवलेल्या गर्भपातांची संख्या 11 लाखांच्या वर गेली. त्यांना केवळ पाळीच्या कोष्टकाची फसगत कारणीभूत होती असे नाही. पण खात्रीची साधने दुर्लभ असली म्हणजे स्त्रियांवर काय पाळी येते, हे त्या आकड्यात दिसते.

वर्ध्यापासून रामनगरापर्यंत

भारतातही या गणिताचा प्रवास वेगळ्याच वाटेने झाला. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या अध्वर्यू मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींनी साधनांना ठाम विरोध केला; पाळीच्या काळावर आधारलेला मार्ग मात्र त्यात संयमाचा अंश असल्याने त्यांना तितका आक्षेपार्ह वाटला नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या अनुयायी. त्यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठवले. दिल्लीतील लोदी कॉलनी आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील रामनगर येथे ही पद्धत शिकवण्याचे प्रयोग झाले.

निरक्षर स्त्रियांना तारखा लिहिता येणार नाहीत म्हणून रंगीत मण्यांची माळ देण्यात आली. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे मणी संबंध टाळण्याच्या दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे मोकळ्या दिवसांचे. कल्पना सुबक होती, पण व्यवहारात ती डळमळली. रात्रीच्या अंधारात मण्यांचा रंग ओळखू येईना. कुणी मणी सरकवायला विसरे. कुणाला माळ घालणे हाच गर्भ न राहण्याचा उपाय वाटे. मुख्य अडचण याहून खोल होती. माळेतले मणी सर्वांसाठी सारखे नव्हते, कारण प्रत्येकीचे चक्र वेगळे होते. आणि नेमक्या दिवशी नाही म्हणण्याचा अधिकार माळ देऊ शकत नव्हती. प्रयोगांचा परिणाम अगदीच माफक राहिला आणि पुढे सरकारी धोरण इतर साधनांकडे वळले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी झुंज

जगात आपल्या नावाचा असा गाजावाजा होत असताना निगाता येथील ओगिनो यांचे दिवस रुग्णालयात जात होते. जपानी वैद्यकात त्यांची दुसरी ओळखही तितकीच मोठी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील व्यापक शस्त्रक्रियेत त्यांनी सुधारणा केल्या आणि ती ओगिनो यांच्या नावाने ओळखली गेली. क्योतोच्या ओकाबायाशी यांनी विकसित केलेल्या शस्त्रक्रियेला त्यांनी अनेक वर्षांच्या अनुभवातून पुढे नेले. ही शस्त्रक्रिया त्या काळी अनेक स्त्रियांसाठी जगण्याची एकमेव आशा होती.

1960 च्या दशकात त्यांच्या गणिताची कसोटी रोममध्ये लागली. गर्भनिरोधक गोळी बाजारात आली होती. ती घडवणाऱ्यांपैकी एक, बॉस्टनचे कॅथलिक डॉक्टर जॉन रॉक यांनी 1930 च्या दशकात याच पाळीच्या पद्धतीचे शिक्षण देणारे केंद्र चालवले होते. तेविसावे जॉन यांनी नेमलेल्या आणि पुढे सहावे पॉल यांनी वाढवलेल्या आयोगापुढे शिकागोच्या पॅट्रिक आणि पॅटी क्राउली या दांपत्याने कॅथलिक जोडप्यांचे अनुभव ठेवले. तारखांच्या धाकात वाढलेला दुरावा आणि तरीही झालेली अनपेक्षित बाळंतपणे, असे त्यांचे स्वरूप होते. आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूने गेले. जुलै 1968 मध्ये सहावे पॉल यांनी मात्र जुनीच भूमिका कायम ठेवली आणि पाळीच्या पद्धतीलाच मान्य मार्ग ठरवले.

1 जानेवारी 1975 रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ओगिनो यांचे निधन झाले. त्यांच्या देशात गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळायला आणखी चोवीस वर्षे लागायची होती.

आजचा हिशेब

विज्ञानाने त्यानंतर ओगिनो यांच्या काही आकड्यांत दुरुस्ती केली. पुरुषबीज तीन नव्हे तर पाच दिवसांपर्यंत टिकू शकते, तर सुटलेले स्त्रीबीज साधारण एका दिवसापलीकडे टिकत नाही. शरीराचे पहाटेचे तापमान, योनीमार्गातील स्रावाचा पोत, लघवीतील संप्रेरकांची चाचणी यांची जोड मिळाल्याने केवळ तारखांवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. 26 ते 32 दिवसांचे नियमित चक्र असलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने आठवा ते एकोणिसावा दिवस वर्ज्य करण्याची सोपी रीत आखली आणि तिच्यासाठी पुन्हा एकदा रंगीत मण्यांची माळ तयार केली. तरीही या सर्व नैसर्गिक पद्धतींत पहिल्या वर्षात 100 पैकी 2 ते 23 स्त्रियांना गर्भ राहतो, असे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेचे आकडे सांगतात. पद्धत कोणती आणि ती किती काटेकोरपणे पाळली, यावर हा मोठा फरक अवलंबून आहे. अनियमित पाळी असलेल्या किंवा नुकतेच बाळंतपण झालेल्या स्त्रियांनी निव्वळ तारखांवर विसंबणे धोक्याचे, हेही डॉक्टर आवर्जून सांगतात.

आज हेच गणित मोबाइलमधील ॲप करते. पाळीची तारीख भरली की पडद्यावर रंगीत दिवस उमटतात आणि कित्येक तरुणी ते पाहूनच निर्णय घेतात. ॲपच्या रंगीत दिवसांमागचा मूळ हिशेब निगाता येथील शस्त्रक्रियागृहात जमलेल्या त्या टिपणांतून निघालेला आहे. मूल हवे असलेल्या जोडप्याला दिवस सांगण्यासाठी वंध्यत्वावर उपचार करणारे डॉक्टर आजही तो वापरतात. ओगिनो यांना त्याचा हाच उपयोग अभिप्रेत होता.